नळ तर गरम आहेत

तीस वर्षं मी या शहराच्या पोटातून
गरम पाणी फिरवलं.
औलूत पारा उणे अठ्ठावीसवर उतरला
की फोन येतो: आमच्याकडे गार पडलंय.
मी जाते, बर्फ फोडायला लावते,
नळाला हात लावून पाहते.
नळ तुंबलेला असतो, नाहीतर फुटलेला.
तिसरं काही नसतं.

म्हणून डॉक्टर रौहालांनी
विल्याच्या मेंदूचं चित्र पडद्यावर लावलं
तेव्हा मी पहिलंच विचारलं,
कुठे तुंबलंय?

कुठेच नाही, त्या म्हणाल्या.
वाहिन्या उलट रुंदावल्यात.
डाग आहे तिथं रक्त
नेहमीपेक्षा जास्तच येतंय.
आणि हा डाग बघा,
एकाही धमनीची हद्द पाळत नाही.
बांध न जुमानणाऱ्या गुरासारखा
या शेतातून त्या शेतात.
साध्या झटक्यात एक फांदी सुकते,
तिचीच पानं जातात.
हे तसं नाही.

मग कसं आहे?

पेशीपेशीत चूल असते.
(शाळेत शिकले होते मी. तंतुकणिका.
त्या परीक्षेत नापासही झाले होते.)
सरपण दारात येऊन पडतंय,
चूल धरत नाही.
धमन्यांच्या भिंतींतही तेच.
एकीला जमेना म्हणून दुसरी,
दुसरीला जमेना म्हणून आणखी दहा,
सुजलेल्या, दाटीवाटीनं बसलेल्या,
आणि काम कुणाकडूनच नाही.
भिंतीला कळेनासं होतं
कधी आवळायचं, कधी सैल सोडायचं.

आमच्या खात्यातही असं होतं, मी म्हटलं.
त्या हसल्या नाहीत.

मग त्यांनी आवाज खाली आणला
आणि काहीतरी सांगितलं.
मला ऐकू आलं नाही.
डावा कान तीन वर्षं झाली, जातोय.
मी पंपांना दोष देत होते.
पुन्हा सांगा, म्हटलं.
बिचारीला ते पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं:
हे फक्त आईकडून येतं.

माझी आई कुसामोकडची.
ठेंगणी. चाळिशीत बहिरी.
चढ लागला की मध्येच बसायची.
गाव तिला आळशी म्हणायचं.
मीही म्हटलं, एकदाच,
लाकडांची मोळी तिच्या हातातून हिसकताना.
ती माझ्या ओठांकडे बघत होती.

विल्या बर्फावरच्या हॉकीत गोलरक्षक.
गेल्या शनिवारी
नारिंगी चेंडू डावीकडून आला,
तिला दिसलाच नाही.
सगळे हसले. तीही हसली.
मग कपाळ धरून बर्फावर ओकली.
तिच्या बापानं सगळ्यांसमोर विचारलं,
काल रात्री काय प्यायली होतीस?
आता तो बाहेर गाडीत बसलाय,
इंजिन चालू ठेवून.

रात्रभर सलाइनमधून आर्जिनिन.
थेंब मोजायची मला सवय आहे,
गळती अशीच मोजतात.
तीन वाजता कामावरून फोन:
तुइरात तिसऱ्या मजल्यावर गार पडलंय,
नळ तर गरम आहेत, मेर्या, काय करू?
नवीन पोरगा होता, घाबरलेला.
मी उजव्या कानाला फोन लावून
बराच वेळ गप्प राहिले.
तो म्हणाला, ऐकू येतंय ना?
मी म्हटलं, त्यांना पांघरूण दे आधी.

सकाळी ताटली आली.
काळ्या पावाचे चार तुकडे, वर काकडी.
उजवीकडचे दोन खाऊन
विल्या म्हणाली, संपलं. एवढंच देतात?
मी ताटली अर्धी फिरवली.
ती पावाकडे बघत राहिली,
मग माझ्याकडे.

हे कुठून आलं, तिनं विचारलं.